मालकाचे यंत्र, नोकराचे पत्र

रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथील एका खाजगी कंपनीत विक्री विभागाचा अभियंता म्हणून काम करणाऱ्या एका तरुणास 13 जुलै 2007 रोजी दुपारी साडेचार वाजता वरिष्ठांनी बोलावून घेतले. कचेरीतील इंटरनेटचा तो खाजगी कामासाठी वापर करतो, असा त्याच्यावर आरोप होता. पुराव्यादाखल काही आलेख पुढे ठेवण्यात आले. सहकाऱ्यांच्या मानाने त्याचा वापर अधिक आहे, असे त्यांवरून दिसत होते. तरुणाने आरोप नाकारला आणि आपण कामापुरताच वापर केला आहे, असे लेखी उत्तर दिले. पाच वाजून वीस मिनिटांनी त्याच्या हाती दुसरी नोटीस पडली. या खेपेस तिच्यासोबत पंचेचाळीस पृष्ठांचा गठ्ठा होता. भावाशी आणि वाग्दत्त वधूशी त्याने त्या आठवड्यात संगणकावरून जे बोलणे केले होते, ते सारे ओळीला ओळ लावून त्यात उतरवून काढलेले होते. त्यांतला काही मजकूर केवळ दोन माणसांनीच वाचावा अशा नाजूक स्वरूपाचा होता. 1 ऑगस्ट रोजी त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आले.

तरुण धुतल्या तांदळासारखा होता, असे नव्हे. कचेरीची साधने खाजगी कामासाठी वापरू नयेत, असा कंपनीचा नियम होता आणि तो त्याला ठाऊक होता. शिवाय त्याने प्रथम दिलेले लेखी उत्तर खरे नव्हते. तरीही हे प्रकरण दहा वर्षे चालले. रुमानियातील दोन न्यायालये ओलांडून ते स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत पोहोचले, तेथेही दोनदा तपासले गेले आणि आज ‘बार्बुलेस्कु खटला’ या नावाने कायद्याच्या अभ्यासकांना सर्वत्र परिचित आहे. कारण त्यात उपस्थित झालेला प्रश्न त्या एका तरुणापुरता नव्हता. यंत्र मालकाचे, जागा मालकाची, तारा मालकाच्या आणि वेळही पगार देऊन मालकानेच घेतलेला. मग त्या यंत्रावर लिहिलेले पत्र कोणाचे?

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याजोगा राहिलेला नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे अथवा मडगाव येथील मराठी घरातला मुलगा वा मुलगी पुण्याच्या, बंगळूरच्या किंवा हैदराबादच्या संगणक कंपनीत नोकरीस असणे ही आता नवलाई नव्हे. बँकेतील कारकून, विमा कचेरीतील सहायक, महाविद्यालयातील ग्रंथपाल यांचेही टेबल संगणकावाचून ओस दिसते. 2020 साली करोनाच्या साथीत कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा तर कंपनीचा लॅपटॉप थेट माजघरात येऊन बसला आणि कचेरी कोठे संपते व घर कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड झाले. खुर्चीत बसून काम करणारेच या पाळतीखाली येतात, असेही नाही. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधली, हे अनेकांच्या वाचनात आले असेल. परंतु तो विषय स्वतंत्र विवेचनाचा आहे. येथे संगणकावरील पत्रव्यवहारापुरतेच पाहावयाचे आहे.

मालकाने नोकराच्या कामावर नजर ठेवावी, यात वस्तुतः नवे काही नाही. पेढीवर मुनीम होता, गिरणीत जॉबर होता, बांधकामावर मुकादम होता. त्यांची नजर कधी कधी फार जाचक असे. ती आठवून हळहळण्याचे कारण नाही. पण ती नजर दिसत होती. मुकादम समोर उभा असला म्हणजे तो पाहतो आहे, हे कामगारास कळे; त्याने पाठ फिरविली म्हणजे नजरही फिरे, आणि पाहिलेले पुष्कळसे तो संध्याकाळपर्यंत विसरूनही जाई. संगणकातील पाळतीस यांपैकी एकही गुण नाही. ती दिसत नाही, पाठ फिरवीत नाही आणि विसरत नाही.

ती चालते कशी, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण या बाबतीत लोकांच्या मनात दोन टोकांच्या समजुती आढळतात. कोणाला वाटते की, आपला पासवर्ड आपल्यापाशी आहे, तेव्हा आत कोण डोकावणार? कोणाला वाटते की, कचेरीत पाऊल टाकले की खिशातल्या फोनमधले सुद्धा सारे कंपनीस दिसते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कचेरीच्या पत्त्यावर येणारी ई-पत्रे नोकराच्या यंत्रात नव्हे, तर कंपनीने स्वतः चालविलेल्या अथवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर साठतात. तेथील व्यवस्थापकास ती नोकराच्या पासवर्डावाचूनही उघडता येतात. ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट, कचेरीच्या वायफायवरून कोणी स्वतःचा फोन वापरला, तर तो कोणत्या संकेतस्थळाकडे गेला, किती वेळ गेला, किती मजकूर आला-गेला, याची नोंद मधल्या यंत्रावर सामान्यतः होऊ शकते. परंतु आजकाल बहुतेक संकेतस्थळे सांकेतिक लिपीत मजकूर पाठवीत असल्याने आतील शब्द दिसत नाहीत. म्हणजे पाकिटावरील पत्ता वाचता येतो, पाकिटातील पत्र नाही.

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपची गोष्ट मात्र अगदी निराळी. ते यंत्र हाती येण्यापूर्वीच त्यात कंपनीचे स्वतःचे कार्यक्रम भरलेले असू शकतात. कोणता कार्यक्रम ठराविक वेळाने पडद्याचे छायाचित्र घेतो. कोणता कळफलकावर बोट पडले की नाही, एवढेच मोजतो, तर कोणता दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवतो. याखेरीज कंपनी त्या यंत्रात स्वतःचे एक ओळखपत्र बसवू शकते. त्याच्या बळावर मधले यंत्र सांकेतिक मजकुराचे पाकीट उघडते, वाचते आणि पुन्हा डकवून पुढे धाडते. संगणकाच्या रोगजंतूंपासून आणि चोरांपासून बचाव करण्यासाठी ही सोय उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु जे यंत्र रोगजंतू शोधण्यासाठी पाकीट उघडते, त्यालाच त्यातील प्रेमपत्रही वाचता येते. यंत्राच्या ठिकाणी संकोच नसतो; तो ज्यांच्या हाती यंत्र आहे त्यांनी नियमाने स्वतःवर घालून घ्यावा लागतो.

पाकिटावरील पत्ता आणि पाकिटातील पत्र हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे न्यायालयांनी या विषयात काय केले, ते समजण्यास सोपे जाते. युरोपातील राष्ट्रांनी मानवाधिकारांचा जो करार 4 नोव्हेंबर 1950 रोजी रोम येथे केला, त्याच्या आठव्या कलमात प्रत्येकाच्या खाजगी व कौटुंबिक जीवनाचा, घराचा आणि पत्रव्यवहाराचा मान राखला जाईल, असे म्हटले आहे. तो मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टपालाची पाकिटे होती. पुढे टेलिफोन आला काय आणि ई-पत्र आले काय, न्यायालयाने ‘पत्रव्यवहार’ हाच शब्द ताणून त्यांना आपल्या आसऱ्यास घेतले. 1992 साली जर्मनीतील एका वकिलाच्या कचेरीच्या झडतीसंबंधीच्या खटल्यात न्यायालयाने एक महत्त्वाचा विचार मांडला. माणसाचे जगाशी जे संबंध जुळतात, त्यांतील फार मोठा भाग त्याच्या कामाच्या ठिकाणीच जुळतो; तेव्हा कामाच्या ठिकाणी खाजगी जीवन नसतेच, असे धरून चालता येणार नाही.

त्यानंतर 1997 साली इंग्लंडमधील ॲलिसन हॅल्फर्ड यांचा खटला आला. मर्सीसाइडच्या पोलीस दलातील त्या अतिवरिष्ठ अधिकारी. स्त्री म्हणून आपल्याला बढती नाकारली जाते, अशी त्यांनी रीतसर तक्रार केली होती. त्या तक्रारीविरुद्ध वापरण्यासाठी माहिती जमा व्हावी, म्हणून त्यांच्या कचेरीतील टेलिफोनवरची संभाषणे चोरून ऐकली गेली, असे मानण्यास न्यायालयास पुरेसा आधार दिसला. ज्यांचा व्यवसायच चोर पकडण्याचा, त्यांच्याच कचेरीत हा प्रकार घडावा, यावर अधिक भाष्य नको. निकाल हॅल्फर्ड यांच्या बाजूने लागला. 3 एप्रिल 2007 रोजी, म्हणजे बुखारेस्टची घटना घडण्याच्या केवळ तीन महिने आधी, वेल्समधील एका महाविद्यालयाच्या कर्मचारी महिलेच्या खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. तिने कोणास दूरध्वनी केले, कोणत्या पत्त्यांवर ई-पत्रे पाठविली, कोणती संकेतस्थळे पाहिली, एवढ्याच नोंदी महाविद्यालयाने तपासल्या होत्या. तिला कल्पना न देता आणि कोणत्याही कायद्याच्या आधाराशिवाय केलेली ही तपासणीही अयोग्य ठरली. पत्र तर राहोच, पाकिटावरील पत्त्यालाही काही संरक्षण आहे, असा याचा अर्थ.

आता पुन्हा बुखारेस्टकडे वळले पाहिजे. त्या तरुणाने कंपनीच्या सांगण्यावरूनच ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देण्यासाठी याहू मेसेंजर या त्या वेळी लोकप्रिय असलेल्या साधनावर एक खाते उघडले होते. त्याचे स्वतःचे खाजगी खातेही निराळे होते. कंपनीने 26 जून 2007 या तारखेची एक नोटीस कर्मचाऱ्यांत फिरविली. इंटरनेट, टेलिफोन आणि नकला काढण्याचे यंत्र यांचा खाजगी वापर केल्याबद्दल एका कर्मचाऱ्यास काढून टाकण्यात आले आहे, तेव्हा सर्वांनी सावध असावे. कामावर देखरेख ठेवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, असा तिचा आशय होता. तरुणाने नोटिशीवर सही केली, ती 3 ते 13 जुलैच्या दरम्यान केव्हातरी. संभाषणे टिपण्यास सुरुवात झाली 5 जुलै रोजी. सही आधी की टिपणे आधी, याचा छडा रुमानियातील न्यायालयांनी लावला नाही. नियम ठाऊक होता, नियम मोडला, नोकरी गेली, इतका सरळ हिशेब करून त्यांनी डिसेंबर 2007 मध्ये आणि पुढे अपिलात जून 2008 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिले.

12 जानेवारी 2016 रोजी स्ट्रासबर्ग येथील सात न्यायाधीशांच्या पीठानेही सहा विरुद्ध एक अशा मतांनी तोच कौल दिला. खात्यात केवळ कामाचा मजकूर आहे, असे तरुणानेच सांगितले होते. मग कंपनीने तो पाहिला तर बिघडले काय, असा बहुमताचा विचार होता. खोटे बोलणे माणसास असे महागात पडते. मालकास आता नोकरांची पत्रे वाचण्याची मोकळीक मिळाली, अशा अर्थाच्या बातम्या तेव्हा देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकल्या. विरोधी मत देणारे एकटे न्यायाधीश पोर्तुगालचे, नाव पाउलो पिंतु द आल्बुकर्क. गोव्यातील वाचकांना या आडनावाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. कामगार रोज सकाळी आपले हक्क कामाच्या दाराशी उतरवून आत जात नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

तरुणाने प्रकरण सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे नेले. 5 सप्टेंबर 2017 रोजी या पीठाने अकरा विरुद्ध सहा मतांनी आधीचा कौल फिरविला. या निकालाचे मर्म ‘देखरेख’ आणि ‘वाचन’ या दोन शब्दांतील अंतरात आहे. कामावर देखरेख ठेवली जाईल, असे कंपनीने सांगितले होते, हे खरे. परंतु तुमची संभाषणे आम्ही टिपून घेऊ आणि त्यांतील शब्दन् शब्द वाचू, असे तिने सांगितले नव्हते. खाजगी वापरास मनाई आहे, हे ठाऊक असणे निराळे आणि आपले पत्र तिसरा माणूस वाचणार आहे, हे ठाऊक असणे निराळे. नियम कितीही कडक असला, तरी मालकाच्या हुकुमाने कामाच्या ठिकाणचे माणसाचे खाजगी जीवन शून्यावर आणता येत नाही, असे पीठाने स्पष्ट केले.

यापुढे अशा प्रकरणांत न्यायालयांनी काय विचारावे, हेही निकालात आले. नोकरास आगाऊ आणि स्पष्ट सूचना दिली होती काय, हा पहिला प्रश्न. आणि आगाऊ म्हणजे पाळत सुरू होण्यापूर्वी, मागाहून नव्हे. मग पाळत किती खोल होती ते पाहावयाचे: पत्ता पाहिला की पत्र, सर्व पाहिले की थोडे, किती दिवस पाहिले आणि किती जणांनी पाहिले. पत्र वाचण्यास कारण हवे, आणि ते पत्ता पाहण्याच्या कारणापेक्षा अधिक वजनदार हवे. कंपनीची यंत्रणा धोक्यात आली होती काय? तिची व्यापारी गुपिते बाहेर जात होती काय? बुखारेस्टच्या प्रकरणात तसे काही घडल्याचे दाखविले गेले नव्हते. मजकूर न वाचता तेच काम साधले नसते काय, हाही एक प्रश्न; आणि येथे त्या दुपारच्या पन्नास मिनिटांकडे पुन्हा पाहण्याजोगे आहे. वापर अधिक आहे, हे साडेचार वाजताच्या आलेखांनी दाखविलेच होते. पंचेचाळीस पृष्ठांनी त्यात कोणती भर घातली? एक माणूस खोटे बोलला, एवढे सिद्ध झाले. त्यासाठी एका मुलीची पत्रे परक्या टेबलावर पसरावी लागली.

रुमानिया हा देश 1989 पर्यंत अशा राजवटीखाली होता, जेथे गुप्त पोलिसांचा कान प्रत्येक भिंतीस आहे, असे लोक मानून चालत. त्या देशातून हा खटला यावा, हा योगायोग असेल. परंतु पत्र वाचले जाणे म्हणजे काय, हे तेथे कोणास समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. निकालाने तरुणाच्या पदरात नुकसानभरपाई पडली नाही. हक्काचा भंग झाला, असे न्यायालयाने म्हणणे हेच पुरेसे समाधान मानण्यात आले, आणि खर्चापोटी 1,365 युरो मिळाले. परंतु पुढच्याच वर्षी, 2018 साली, रुमानियाने केलेल्या कायद्यात मालकांवर पाच बंधने आली. कारण सबळ पाहिजे. आधी पूर्ण आणि उघड सूचना दिली पाहिजे. कामगार संघटनेशी अथवा प्रतिनिधींशी बोलणे झाले पाहिजे. सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असले पाहिजेत. आणि जमविलेल्या नोंदी सामान्यतः तीस दिवसांपेक्षा अधिक काळ ठेवता कामा नयेत.

मालकाची बाजू न्यायालय ऐकतच नाही, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. स्पेनमधील एका मोठ्या दुकानात 2009 साली माल आणि हिशेब यांचा मेळ बसेना. पाच महिन्यांत तूट ऐंशी हजार युरोंच्या वर गेली. मालकाने काही कॅमेरे उघड लावले आणि काही गल्ल्यावर रोखून लपवून ठेवले. दहा दिवसांत चोरी उघडकीस आली, चौदा जणांची नोकरी गेली. लपविलेल्या कॅमेऱ्यांची सूचना दिली नव्हती, म्हणून प्रकरण स्ट्रासबर्गला गेले. परंतु 17 ऑक्टोबर 2019 रोजी मोठ्या पीठाने चौदा विरुद्ध तीन मतांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला. संशय भक्कम होता, नुकसान मोठे होते, पाळत थोडे दिवस आणि सर्वांच्या येण्या-जाण्याच्या जागेपुरती होती. गल्ल्यावरचा हात पाहणे आणि भावास लिहिलेला निरोप वाचणे, या दोहोंची जात एक नव्हे. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा भेद 2 ऑक्टोबर 2001 रोजीच, निकॉन कंपनीच्या खटल्यात, मान्य केला होता. कंपनीने खाजगी वापरास बंदी केली असली, तरी तिच्या संगणकावर आलेला नोकराचा खाजगी निरोप मालकाने वाचता कामा नये, असा तो निर्णय होता. मात्र ज्या कागदावर ‘खाजगी’ असे लिहिलेले नाही, तो कामाचाच समजावा, अशी पुरवणी तेथील न्यायालयाने पुढे जोडली. व्यवहारास धरून पाहता ही तोड वाईट नाही.

अमेरिकेत वारे निराळे आहे. तेथे मालकास मोकळीक पुष्कळ. तरी न्यूयॉर्क राज्यात मे 2022 पासून अशी पाळत ठेवणाऱ्या मालकास नव्या कर्मचाऱ्यास तसे लेखी कळवून त्याची पोच घ्यावी लागते आणि सूचना सर्वांना दिसेल अशा जागी लावावी लागते.

भारतात काय आहे? योगायोग असा की, स्ट्रासबर्गच्या निकालाच्या बरोबर बारा दिवस आधी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावाने तो ओळखला जातो. 1954 आणि 1962 सालच्या ज्या निकालांत हा हक्क नाकारला गेला होता, ते त्या मर्यादेपर्यंत रद्द झाले. परंतु मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागावयाचे असतात. खाजगी कंपनीच्या दारात ते घेऊन जाणे तितके सोपे नाही. त्यासाठी निराळा कायदा हवा होता. तो व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावीत, असे ठरविण्यात आले.

या कायद्याचा सामान्य नियम असा की, माणसाची माहिती घेण्यापूर्वी त्याला सूचना द्यावी आणि त्याची संमती घ्यावी. परंतु सातव्या कलमात काही अपवाद सांगितले आहेत, त्यांत नोकरी हा एक आहे. नोकरीच्या प्रयोजनासाठी, अथवा मालकाचे नुकसान टळावे म्हणून, जसे की व्यापारी हेरगिरी रोखणे किंवा गुपिते जपणे, माहिती वापरावयाची असल्यास संमतीची गरज नाही. येथवर तक्रार करण्यासारखे फारसे नाही. कारण पोट ज्याच्या हाती आहे, त्याला दिलेली संमती कितपत मोकळ्या मनाची असते, हे सर्वांस ठाऊक आहे. अडचण पुढे आहे. कायद्याने सक्तीची केलेली सूचना संमतीच्या मागणीला जोडलेली आहे. संमती गेली की तिच्यामागोमाग सूचनाही गेली. आपली कोणती माहिती जमा झाली आहे, हे विचारण्याचा हक्कही ज्यांनी संमती दिली त्यांच्यापुरता लिहिला आहे. म्हणजे स्ट्रासबर्गचा सारा निकाल ज्या आगाऊ सूचनेच्या खुंटीवर उभा आहे, ती खुंटीच नोकरांच्या बाबतीत आपल्या कायद्यात ठोकलेली दिसत नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याची आणि गरज संपल्यावर ती नष्ट करण्याची जबाबदारी मात्र मालकावर आहे, आणि सुरक्षिततेतील कसुरीबद्दल दोनशे पन्नास कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती चोरीस जाऊ नये याची चिंता कायद्याने वाहिली आहे. ती घेतली जाते आहे, हे नोकरास कळावे याची नाही.

तेव्हा तूर्त भारतातील नोकरदारापाशी जे आहे, ते नेमणुकीच्या वेळी मिळणाऱ्या कागदांत आहे. पगाराच्या तक्त्यामागे संगणकाच्या वापराचे नियम म्हणून पाच-सात पाने जोडलेली असतात आणि रुजू होण्याच्या गडबडीत ती न वाचता सही होते. त्या पानांत केवळ देखरेख म्हटले आहे की मजकूर तपासण्याचा अधिकार राखून ठेवला आहे, पडद्याची छायाचित्रे घेतली जातात काय, नोंदी किती दिवस राहतात आणि त्या कोण पाहतो, हे शोधले पाहिजे. आणि न सापडल्यास लेखी विचारण्यास हरकत नसावी. जेथे कर्मचाऱ्यांची संघटना आहे, तेथे तिने विचारणे अधिक बरे. एकट्याने विचारले की विचारणाऱ्याचाच संशय येतो. घरचा पत्रव्यवहार स्वतःच्या फोनवर आणि स्वतःच्या जोडणीवरून करावा, ही साधी खबरदारी तर कोणासही घेता येईल.

ती खबरदारी फार थोडे लोक घेतात. कंपनीच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप उघडे ठेवून काम करणे ही आजची सर्रास रीत आहे. अशा पडद्याचे छायाचित्र दर काही मिनिटांनी निघत असेल, तर त्यात वडिलांच्या तपासणीचा अहवाल येतो, बहिणीच्या स्थळाची चर्चा येते. बुखारेस्टच्या त्या तरुणाने निदान एका नोटिशीवर सही तरी केली होती. त्याचा भाऊ आणि त्याची वाग्दत्त वधू कंपनीच्या नोकरीत नव्हते; त्यांना नोटीस कोणी दाखविली नव्हती, आणि पंचेचाळीस पृष्ठांतील अर्धे शब्द त्यांचे होते.